खाडीच्या पाण्यातील तांब्याची रासायनिक रूपे कशी मोजावीत

गोव्यातील झुआरी किंवा मांडवी नदीच्या मुखाजवळचे पाणी घेऊन त्यातील एकूण तांबे मोजले, तरी ते तांबे तिथल्या वनस्पतिप्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना) कितपत बाधेल हे त्या आकड्यावरून कळत नाही. विरघळलेल्या तांब्याचा बहुतांश भाग, अनेकदा ९९ टक्क्यांहून अधिक, पाण्यातील सेंद्रिय लिगंडांनी, म्हणजे धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूंनी, बांधून ठेवलेला असतो. विषारीपणा मुख्यतः उरलेल्या मुक्त क्युप्रिक आयनांवर, म्हणजे कशालाही न बांधलेल्या तांब्याच्या आयनांवर, अवलंबून असतो आणि संवेदनशील सायनोबॅक्टेरियांना (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंना) ते एका नॅनोमोलरच्या (लिटरमागे मोलचा अब्जावा भाग) शंभराव्या भागाइतकेही पुरतात. जहाजाच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या, ट्रायब्युटिल टिन हे विषारी द्रव्य असलेल्या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला आणि त्या रंगांची जागा मुख्यतः तांबेयुक्त रंगांनी घेतली, त्यामुळे बंदरालगत हे मोजमाप विशेष उपयोगाचे आहे.

येथे दिलेली पद्धत सॅलिसिलअल्डॉक्झाइम वापरून केलेल्या कॅथोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीची असून ती कांपोस आणि व्हान डेन बर्ग यांनी १९९४ मध्ये मांडली. ज्ञात तीव्रतेचा हा लिगंड नमुन्यात मिसळला की तो नैसर्गिक लिगंडांशी तांब्यासाठी स्पर्धा करतो. त्याच्या वाट्याला आलेले तांबे पाऱ्याच्या थेंबावर जमा होते आणि त्याचा विद्युतप्रवाह मोजता येतो.

नमुना घेताना सर्वांत मोठा धोका स्वतःच्या होडीचा असतो, कारण तिच्या तळाच्या रंगातही बहुधा तांबे असते. म्हणून होडीच्या नाळेपुढे, प्रवाह जिकडून येत असेल त्या बाजूला, हातमोजे घालून बाटली भरावी. बाटल्या कमी घनतेच्या पॉलिएथिलिनच्या असाव्यात. त्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात आठवडाभर बुडवून अतिशुद्ध पाण्याने वारंवार धुवाव्यात. पाणी त्याच दिवशी ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून हलक्या दाबाने गाळावे, कारण जोर लावल्यास पेशी फुटतात आणि त्यांच्यातील लिगंड नमुन्यात मिसळतात. गाळलेल्या पाण्याचे दोन भाग करावेत. एकूण तांब्यासाठीच्या भागात शुद्ध आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा आणि मोजण्यापूर्वी अतिनील प्रकाशाने त्यातील सेंद्रिय द्रव्य नष्ट करावे. दुसऱ्या भागात मात्र आम्लाचा थेंबही पडता कामा नये, कारण आम्लाने बंध तुटतात आणि जे मोजायचे तेच नाहीसे होते. हा भाग अंधारात ४ अंश सेल्सिअसवर ठेवून काही दिवसांतच वापरावा. त्याहून अधिक काळ लागणार असेल तर तो ताबडतोब गोठवावा.

अनुमापनासाठी, म्हणजे तांबे टप्प्याटप्प्याने वाढवून प्रतिसाद मोजण्यासाठी, टेफ्लॉनच्या १० ते १२ नळ्यांत प्रत्येकी १० मिलिलीटर नमुना घेऊन पीएच बदलू न देणाऱ्या बोरेट बफरने तो ८.२ च्या आसपास स्थिर करावा. पहिल्या दोन नळ्यांत तांबे घालू नये. पुढच्या नळ्यांत तांब्याची मात्रा वाढवत न्यावी, इतकी की शेवटच्या काही नळ्यांत नैसर्गिक लिगंड पूर्ण भरून जातील. तास-दोन तासांनी सॅलिसिलअल्डॉक्झाइम घालून सर्व नळ्या रात्रभर समतोलाला ठेवाव्यात. नळ्यांच्या भिंतीही तांबे शोषतात, म्हणून प्रत्येक नळी कायम त्याच मात्रेसाठी राखून ठेवावी. मोजताना नायट्रोजनने ऑक्सिजन काढून टाकावा आणि कमी मात्रेकडून जास्तीकडे जावे.

सॅलिसिलअल्डॉक्झाइम किती घालावे, हा या पद्धतीतील खरा निर्णय आहे. साधारण २ मायक्रोमोलरला दुर्बळ लिगंडही दिसतात, तर २५ मायक्रोमोलरला फक्त सर्वांत घट्ट धरून ठेवणारे लिगंडच स्पर्धेत टिकतात. पाणी तेच असूनही दोन्ही वेळा लिगंडांची वेगळी तीव्रता मिळते आणि दोन्ही उत्तरे आपापल्या मर्यादेत बरोबर असतात. शक्य असेल तेव्हा दोन तीव्रतांवर अनुमापन करावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. गोव्यातील खाड्यांत पावसाळ्यात क्षारता फार उतरते आणि क्षारतेनुसार सॅलिसिलअल्डॉक्झाइमची तांब्यावरील पकड बदलते; त्यामुळे ही पकड दर्शवणारा मे महिन्यातील स्थिरांक ऑगस्टच्या नमुन्यास लावू नये.

घातलेल्या तांब्याच्या समोर मोजलेल्या प्रवाहाचे शिखर मांडून येणाऱ्या अनुमापनरेषेच्या शेवटच्या सरळ भागाचा उतार म्हणजे संवेदनशीलता होय. शिखराची उंची तिने भागली की त्या नळीतील स्पर्धाक्षम तांबे, म्हणजे नैसर्गिक लिगंडांनी न बांधलेले तांबे, मिळते आणि नळीतील एकूण तांब्यातून ते वजा केले की नैसर्गिक लिगंडांना बांधलेले तांबे उरते. स्पर्धाक्षम तांब्याला बांधलेल्या तांब्याने भागून येणारे गुणोत्तर स्पर्धाक्षम तांब्याच्या समोर मांडल्यास, एकाच प्रकारचा लिगंड असताना, सरळ रेषा येते. तिच्या उतारातून लिगंडाची तीव्रता आणि छेदातून बंधाचा स्थिरांक काढता येतो. रेषा वाकली तर लिगंड दोन प्रकारचे असू शकतात, परंतु अनुमापन अपुरे राहिल्यामुळे संवेदनशीलता कमी धरली गेली असण्याची शक्यता आधी तपासावी. मूळ पाण्यातील मुक्त आयन काढताना सॅलिसिलअल्डॉक्झाइम समीकरणातून वगळून एकूण तांबे, लिगंड आणि स्थिरांक यांवरून पुन्हा गणित करावे लागते. निकालासोबत सॅलिसिलअल्डॉक्झाइमची तीव्रता, पीएच, क्षारता आणि तापमान नोंदवावे, कारण त्यांच्याविना तो आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.