अ‍ॅडॉप्टर बदलताना नुसते व्होल्ट पाहू नका

सीपॅप मशीनचा (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) किंवा अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या नेब्युलायझरचा अ‍ॅडॉप्टर जळाला, की जळगाव-धुळ्याच्या बाजारात त्याच व्होल्टचा दुसरा लगेच मिळतो. पिन बसते, मशीनही सुरू होतं. पण तो कोणत्या उपकरणासाठी तपासलेला आहे, हे पाहिल्याशिवाय रुग्णाच्या उशाशी लावू नका.

आधी जुन्या अ‍ॅडॉप्टरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा आणि मोठा करून वाचा. आउटपुटचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं प्लस-मायनस जुळलं पाहिजे. एवढं दुकानदारही सांगतो.

पुढचं मात्र आपणच पाहायचं. लॅपटॉप-राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर आयएस १३२५२, नव्या मालावर ६२३६८-१ असा मानक क्रमांक असतो. सोबतचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून खरा की खोटा ते तपासा. खरा निघाला तरी तो अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपसाठीच. वैद्यकीय उपकरणाच्या अ‍ॅडॉप्टरवर आयईसी ६०६०१-१ हा वैद्यकीय विद्युत उपकरणांचा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक हवा.

फरक आहे गळतीच्या करंटचा. अ‍ॅडॉप्टरमधल्या एका छोट्या कपॅसिटरमधून थोडा करंट सतत मेन लाइनकडून मशीनच्या बाजूला झिरपतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात फिरवला की मुंग्या येतात, त्या यामुळेच. लॅपटॉपच्या अशा अ‍ॅडॉप्टरला ०.२५ मिलिअँपिअरपर्यंत चालवून घेतात. वैद्यकीय उपकरणाला नेहमीच्या वापरात स्पर्शातून जाणाऱ्या करंटची मर्यादा ०.१ मिलिअँपिअर आहे. शिवाय रुग्णाच्या बाजूचं इन्सुलेशन दुहेरी लागतं आणि ते ४,००० व्होल्टवर तपासतात. आजारी माणूस झटका बसला तरी हात मागे घेईलच असं नाही, म्हणून ही कडक अट.

लेबलवर चौकोनात चौकोन हे चिन्हही शोधा. असा अ‍ॅडॉप्टर सुरक्षेसाठी अर्थिंगवर अवलंबून नसतो. खेड्यातल्या जुन्या घरात अर्थिंग मुळात नसतं, असलं तरी उन्हाळ्यात जमीन सुकली की कमजोर पडतं. घरी वापरायच्या वैद्यकीय मशीनला असाच अ‍ॅडॉप्टर हवा.

खान्देशात उन्हाचाही विचार करावाच लागतो. बरेच अ‍ॅडॉप्टर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ गाठतो. पत्र्याच्या घरात अ‍ॅडॉप्टर गोधडीखाली किंवा बंद कपाटात ठेवू नका, मोकळ्या हवेत ठेवा.

मानक क्रमांक सापडला नाही, तर मशीनचा मॉडेल नंबर देऊन कंपनीकडूनच मागवा आणि बिलावर अ‍ॅडॉप्टरचा मॉडेल नंबर लिहून घ्या.