मज्जारज्जूत औषध पोचवण्यासाठी फोकस्ड अल्ट्रासाउंड: रॅटवरची कार्यपद्धती

रक्तातलं बरंचसं औषध मज्जारज्जूत शिरतच नाही, कारण तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून त्यांवर अल्ट्रासाउंडचा झोत धरला की ते फुगतात-आकसतात आणि हा अडथळा काही तासांपुरता सैल होतो. प्राणी-प्रयोग समितीची मंजुरी हाती आल्यावरच सुरुवात करा.

बरीचशी फसगत हवेमुळे होते. पाठीवरचे केस मशिनने काढा, मग केस काढायची क्रीम लावून कातडी पूर्ण गुळगुळीत करा. झोताचं यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये लावायचं जेल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातली हवा काढा, मधल्या पाण्यातली हवा व्हॅक्यूमने काढा. डोळ्यांना दिसणारा एक बुडबुडा मध्ये राहिला तरी झोत तिथूनच परततो. आयसोफ्लुरेन (भुलीचं औषध) शुद्ध ऑक्सिजनऐवजी वैद्यकीय हवेतून द्या. ऑक्सिजनवर बुडबुडे रक्तात लवकर विरतात.

डेफिनिटीचा (सूक्ष्म बुडबुड्यांच्या तयार औषधाचा) डोस वजनाच्या किलोला 10 ते 20 मायक्रोलिटर. म्हणजे 300 ग्रॅमच्या रॅटला जेमतेम 3 ते 6 मायक्रोलिटर, आणि एवढं तर कॅथेटरच्या नळीतच अडकून राहतं! म्हणून सलाइनमध्ये 10 पट पातळ करा, शेपटीच्या शिरेतून सावकाश द्या आणि मागून 0.2 मिलि सलाइन ढकला. बुडबुडे सिरिंजमध्ये वर तरंगतात, तेव्हा देण्याआधी सिरिंज हलकेच फिरवा. बारीक सुईतून जोरात दाबलं की ते फुटतात.

आता खरी अडचण. मेंदूसाठी रूढ असलेली पल्स (झोताचा एक ठोका) 10 मिलिसेकंदांची, सेकंदाला एक, अशी 2 मिनिटं. पाण्यात 10 मिलिसेकंदांत ध्वनी 15 मीटर जातो. मणक्याची पोकळी काही मिलिमीटरचीच. त्यामुळे हाडावरून परतलेल्या लाटा येणाऱ्या लाटांवर चढतात, स्थिर लाटा तयार होतात, आणि 0.5 मेगाहर्ट्झला साधारण दर 1.5 मिलिमीटरवर दाबाचं शिखर उभं राहतं. एका जागी इजा, शेजारी काहीच नाही. यावर उपाय म्हणजे मोजक्या आवर्तनांच्या आखूड पल्सची मालिका आणि प्रत्येक पल्सला बदलता फेज (लाटेचा सुरुवातीचा टप्पा).

पाण्याच्या टाकीत मोजलेल्या दाबावर विसंबू नका, कारण मणक्याचं हाड त्यातला किती खाईल हे जागेगणिक बदलतं. बुडबुड्यांचा आवाज हायड्रोफोनने (पाण्यातल्या मायक्रोफोनने) टिपा. आधी बुडबुड्यांशिवायची नोंद घ्या, मग दाब पायरीपायरीने वाढवा. लांब पल्समध्ये मूळ वारंवारितेच्या निम्म्यावर किंवा दीडपटीवर आवाजाचं शिखर दिसलं, की वाढवणं थांबवून दाब निम्म्यावर आणा. आखूड पल्समध्ये ही शिखरं पसरट होतात. तिथे आधीच्या नोंदीशी तुलना करूनच ठरवा. सगळ्या वारंवारितांवर पसरलेला खरखराट आला तर ताबडतोब बंद करा: बुडबुडे कोसळताहेत, वाहिन्या फाटू शकतात.

औषध झोताच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर द्या. गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उजळ दिसणारं द्रव्य) देऊन टी1 प्रकारच्या एमआरआयवर उजळलेला भाग त्याच प्राण्याच्या झोत न दिलेल्या भागाशी ताडून पाहा. टी2-स्टार प्रकारच्या एमआरआयवर नवे काळे ठिपके म्हणजे बहुधा रक्तस्राव, मग पुढच्या प्राण्यात दाब कमी करा. दुसऱ्या दिवशी मागचे पाय नीट टेकतात का, हेही तपासा.