स्ट्राइक झोन इनिंगगणिक बदलतो आहे? प्लेटमागच्या पंचाने या चुका टाळाव्यात

शालेय सॉफ्टबॉलच्या सामन्यात प्लेटमागे (बॅटरजवळ जमिनीवर बसवलेल्या पाटीमागे) उभ्या राहणाऱ्या पंचाविरुद्ध प्रशिक्षकांची तक्रार सहसा स्ट्राइक झोन मोठा किंवा लहान असल्याची नसते. (बॅटरने बॅट न फिरवता सोडलेला चेंडू प्लेटवरच्या या ठरावीक जागेतून गेला तर ‘स्ट्राइक’, बाहेरून गेला तर ‘बॉल’.) ‘मघाशी हाच चेंडू स्ट्राइक दिला होता, मग आता बॉल कसा?’ अशी ती असते, आणि बहुतेक वेळा ती खरी असते. किंचित मोठा झोन मुली पहिल्या दोन इनिंगमध्ये ओळखतात आणि त्याप्रमाणे बॅट फिरवू लागतात. झोन हलता असेल, तर तो कोणालाच ओळखता येत नाही. चौदा वर्षांखालील गटातली पिचर (चेंडू फेकणारी) अशा वेळी पंचावर संशय घेत नाही, स्वतःच्या हातावर घेते, आणि चांगली पडत असलेली फेक बदलून बसते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चेंडू कॅचरने (बॅटरमागे बसून झेलणाऱ्या खेळाडूने) कुठे झेलला हे पाहून निर्णय देणे. लहान गटात चेंडू संथ असतो आणि कमानीने येतो. तो प्लेटच्या पुढच्या कडेवर गुडघ्याच्या वर असतो, प्लेट ओलांडताना खाली उतरतो आणि कॅचरच्या हातात येईपर्यंत घोट्यापर्यंत पोहोचलेला असतो. तालुकास्तरावरच्या एका सामन्यात मी हीच चूक पूर्ण चार इनिंग केली. एका संघाची कॅचर बॅट लागेल या भीतीने हातभर मागे बसत होती आणि चेंडू जवळजवळ मातीतून उचलत होती. दुसऱ्या संघाची कॅचर प्लेटला खेटून बसून तोच चेंडू गुडघ्याच्या उंचीवर झेलत होती. पहिलीच्या पिचरला मी बॉल देत गेलो आणि दुसरीच्या पिचरला स्ट्राइक. चेंडूंमध्ये काहीही फरक नव्हता. दोन मुलींच्या बसण्यातल्या अंतरामुळे मी एकाच मैदानावर दोन झोन तयार केले होते. त्यानंतर मी प्रत्येक सामन्याच्या आरंभी दोन्ही कॅचर किती मागे बसतात हे आधी पाहतो आणि नजर प्लेटवर ठेवतो. कॅचर ग्लोव्ह ओढून चेंडू आत आणते, तेव्हाही हाच नियम लागू पडतो.

झोनची रुंदी कमी धरणे ही दुसरी चूक. होम प्लेट 17 इंच, म्हणजे सुमारे 43 सेंटिमीटर रुंद असते. 12 इंच परिघाच्या चेंडूचा व्यास जवळपास 10 सेंटिमीटर भरतो, आणि चेंडूचा कोणताही भाग प्लेटच्या कोणत्याही भागावरून गेला तरी तो रुंदीच्या दृष्टीने झोनमध्येच असतो. दोन्ही कडांचा विचार केला, तर पिचरला 62 सेंटिमीटरच्या आसपास जागा मिळते. जे पंच पूर्ण चेंडू प्लेटवरून जाण्याची वाट पाहतात, ते तिच्याकडून दोन्ही बाजूंची मिळून वीतभर जागा काढून घेतात. मातीच्या मैदानावर प्लेटच्या कडा दोन बॅटरनंतर दिसेनाशा होतात, म्हणून प्रत्येक इनिंगपूर्वी आणि गरज पडेल तेव्हा मध्येही ब्रशने प्लेट साफ करावी.

आपल्याकडे बहुतेकांची नजर क्रिकेटवर घडलेली असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. क्रिकेटमध्ये वाइड ठरवताना फलंदाज कुठे उभा आहे हे पाहिले जाते. सॉफ्टबॉलमध्ये बॅटर प्लेटपासून दूर उभी राहिली म्हणून बाहेरची कड जवळ येत नाही. बॅटरमुळे ठरते ती केवळ उंची. यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकेतील संघटनेच्या नियमांत ती काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत धरली जाते. आपल्या स्पर्धेला कोणती नियमपुस्तिका लागू आहे आणि तिच्यात कोणत्या मर्यादा दिल्या आहेत, हे सामन्यापूर्वीच्या पंचांच्या बैठकीत वाचून घ्यावे. ही उंची बॅटरच्या नैसर्गिक पवित्र्यावरून मोजायची असते, त्यामुळे झोन लहान करण्यासाठी मुद्दाम वाकून बसलेल्या मुलीला त्याचा लाभ देऊ नये. मात्र साडेचार फुटांच्या मुलीनंतर सव्वापाच फुटांची मुलगी आली, तर वरची आणि खालची रेघ मनात नव्याने आखावीच लागते.

माझ्या मते झोन स्थिर राहण्याचे खरे मूळ डोक्याच्या उंचीत आहे. पंचाने कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत उभे राहावे: उजव्या हाताच्या बॅटरसाठी स्वतःच्या डावीकडे, डाव्या हाताच्या बॅटरसाठी उजवीकडे. हनुवटी साधारण कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेला असावी, आणि पिचरच्या हातातून चेंडू सुटण्यापूर्वी डोके स्थिर झालेले असावे. पहिल्या इनिंगमध्ये हे सर्वांना जमते. उन्हात लागोपाठ दुसरा सामना सुरू झाला की मांड्या भरून येतात आणि पंच नकळत ताठ उभा राहू लागतो. मग गुडघ्याजवळचा चेंडू त्याला आहे त्याहून खाली भासतो. कोणी उलट कॅचरच्या मागे दडतो आणि छातीजवळचा चेंडू त्याला उंच वाटतो. दोन चेंडूंच्या मध्ये पूर्ण उभे राहून पाय मोकळे करावेत, पण प्रत्येक वेळी त्याच उंचीवर परत यावे.

घाईचा निर्णय हीदेखील नेहमीची चूक आहे. 40 फुटांवरून ताशी 60 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू पाऊण सेकंदाच्या आत प्लेटवर येतो. तो प्लेट ओलांडून ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत डोळ्यांनी त्याचा पाठलाग करावा, क्षणभर थांबून तो प्लेटवरून कसा गेला हे मनात पुन्हा पाहावे आणि मगच निर्णय उच्चारावा.

दयेपोटी झोन बदलणे हे मात्र नजरेचे नव्हे, मनाचे काम आहे, म्हणून ते सुधारायला अधिक वेळ लागतो. चौथ्या बॉलवर बॅटरला पहिला बेस मोफत मिळतो आणि तिसऱ्या स्ट्राइकवर ती बाद होते, म्हणून तीन बॉल झाले की पिचरची कीव येते, दोन स्ट्राइक झाल्या की बॅटरची. सामना एकतर्फी झाला की तो लवकर संपावा म्हणून बाहेरचे चेंडूही स्ट्राइक ठरू लागतात. पिचर नवख्या असतील, तर 62 सेंटिमीटरची पूर्ण जागा पहिल्या चेंडूपासून दोन्ही संघांना द्यावी. सामन्याच्या मध्यात एका संघापुरती ती वाढवू नये. आधीचा निर्णय चुकला असे जाणवले, तरी पुढच्या चेंडूवर त्याची भरपाई करू नये, कारण त्यामुळे एकाऐवजी दोन चेंडू चुकीचे ठरतात.

झोन सरकतो आहे अशी शंका आली, तर इनिंगच्या मधल्या वेळेत पिचरचे सराव चेंडू आपल्या जागी वाकून, त्याच उंचीवरून पाहावेत. सरावासाठी प्लेटच्या पुढच्या कडेच्या दोन्ही अंगांना खांब रोवून एका मुलीच्या गुडघ्याच्या आणि वरच्या मर्यादेच्या उंचीवर दोन सुतळ्या ताणाव्यात आणि पिचरच्या सरावाच्या वेळी मागे उभे राहावे. सहकारी पंचाने बाजूला, सुतळीच्या रेषेत बसून चेंडू कुठून गेला ते लिहावे आणि पन्नास चेंडूंनंतर दोघांनी नोंदी ताडून पाहाव्यात. माझ्या नोंदींत सर्वाधिक फरक नेहमी खालच्या सुतळीपाशी निघतो.