बुडालेला सूर्य परत बघायचाय?
स्वतः बघितलं म्हणजे कळलं असं वाटतं ना, मग गुहागरच्या किनाऱ्यावर हे करून बघा. क्षितिज स्वच्छ हवं, मळभ असेल तर सरळ भजी खा नि घरी जा. वाळूत पालथं पडा, सूर्याची शेवटची कड गेली की पटकन उभे राहा, ती परत दिसते, काही सेकंदच, कारण डोळे वर गेले की क्षितिज लांब सरकतं. दुर्बीण अजिबात नको हां, आणि आधी टक लावून बघत बसू नका.

खरी गंमत वेगळीच, खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा अख्खा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो, हवेत प्रकाश साधारण अर्धा अंश वाकतो म्हणून वर दिसतो. मी म्हणतो म्हणून मानू नका, झूम करून फोटो काढा, रुंदी-उंची मोजा, गोळा चपटा निघेल, कारण खालची कड वरच्यापेक्षा जास्त उचलली जाते.