रिपोर्ट यायच्या आधी एक ओळ लिहा

इंटर्नशिपला लागलेली पोरं मला पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, डायग्नोसिस सुचायला कधी लागतं?" त्यांना मी आधी एक छोटी वही आणायला लावतो. मोबाईल चालत नाही. त्यात नोट लिहायला जातात आणि व्हॉट्सअॅपवर रमतात.

पेशंट तपासून झाला, की सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट, हातात पडायच्या आधी केस एका ओळीत लिहायची. वय, काम, त्रास कधीपासून, मुख्य तक्रार आणि तपासताना खटकलेली गोष्ट. नुसतं "पोटदुखी, उलटी" लिहिलंत तर पॅन्टोप्राझोल हे अॅसिडिटीचं इंजेक्शन टोचून मोकळे व्हाल. आता हे वाचा: "तिशीतला शेतमजूर, पावसाळा, रात्री जमिनीवर झोपला, पहाटे पोटात कळ, उलटी, पोट मऊ, पापण्या जड." इथं मण्यार, हा विषारी साप, आठवलीच पाहिजे. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दातांची खूणही सापडेलच असं नाही. रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी नॉर्मल आली म्हणून हुरळून जाऊ नका, हे विष रक्तावर नाही, मज्जातंतूंवर जातं. "काय चावलं का?" विचारलं तर घरचे "न्हाई" म्हणणार. "रात्री झोपला कुठं हुता?" असं विचारा. पेशंटला वर बघत ठेवा, पापण्या खाली येतात का बघा. मान उचलायला सांगा. एका दमात किती आकडे मोजतो ते थोड्या थोड्या वेळानं तपासा. आकडे घटायला लागले तर व्हेंटिलेटरची तयारी ठेवा.

ओळीखाली तीन गोष्टी लिहा: सगळ्यात शक्य काय वाटतं, काय सुटलं तर जीव जाईल, आणि पहिल्या अंदाजाशी न जुळणारं काय आहे. तिसरी सगळेच टाळतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या पुराचं पाणी ओसरलं की शिरोळ, करवीरकडून तापाचे पेशंट येतात. प्लेटलेट साठ हजार दिसल्या की डेंग्यूचा शिक्का बसतो. पण डोळे लाल आहेत, पोटऱ्या दाबल्या की पेशंट कळवळतो, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि क्रिएटिनिन (किडनीचा) दोन्ही चढलेत, मग? पुराच्या पाण्यात उतरला होता का, गोठ्यात काम करतो का, विचारा. लेप्टो, म्हणजे जनावरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. कपडे सैल करून काख, जांघ बघा. काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडा चावून येणारा ताप, आणि डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच. प्लेटलेट या तिन्हीत उतरतात. लाजेखातर अंग न बघणारा डॉक्टर मला अजिबात पटत नाही.

वाचायचं तेही जोडीनं वाचा. पुस्तकात रोगाचं नाव वर आणि लक्षणं खाली असतात, ओपीडीत सगळं उलटं. डेंग्यू आणि लेप्टो शेजारी शेजारी मांडून फरक काय तेवढाच लिहा.

आणि दोन दिवसांनी त्या पेशंटकडे परत जा. आयसीयूत हलवला असेल तर तिथं जा, डिस्चार्ज झाला असेल तर कार्ड काढून बघा. शेवटचं निदान जुन्या ओळीशेजारी लिहा, जुनी ओळ मात्र खोडू नका. आपला अंदाज कुठं घसरतो, हे महिन्याभरात तिथंच दिसायला लागतं. कुणी पहिल्या रिपोर्टला चिकटून बसतो, कुणी कालच्या केसचं निदान आजच्या पेशंटला लावतो.

राऊंडला मी वही मागतो. कोरी असेल तर हिस्ट्री पुन्हा घ्यायची, चहा त्यानंतर.