काळ्या मातीत रोबो मोवरची वायर टाकण्यापूर्वी

गवत कापणाऱ्या रोबोची सीमा आखणारी वायर काळ्या जमिनीत टाकायची असेल, तर मोजमापाच्याही आधी मनाशी पक्के करावे की वायरला ढील ठेवायची आहे. परभणीजवळ आमच्या शेतातल्या घरापुढे ५ गुंठे हरळी आहे. पावसाळा सरल्यावर वापसा आला तेव्हा मी तिथे वायर ओळंब्यासारखी सरळ आणि ताणून टाकली. वापशातली काळी माती फुगलेली असते आणि उन्हाळ्यात ती आकसते, हे शेतात रोज पाहूनही त्या दिवशी लक्षात आले नाही. वैशाखात पाणी कमी पडले, स्प्रिंकलर न पोहोचणाऱ्या कडेच्या पट्ट्यात बोटे आत जातील एवढ्या भेगा पडल्या, आणि त्यांतल्या एकीत वायरची दोन टोके दोन बोटांच्या अंतरावर उघडी दिसली. वेष्टन ताणून पांढरे पडले होते. वायर म्हणजे यंत्राला हद्द सांगणारा सिग्नल वाहणारे एकच बंद वेटोळे असल्याने ती कुठेही तुटली की यंत्र जागीच थांबते.

जागा टेपने मोजून कागदावर आराखडा काढावा. २५ बाय २० मीटरच्या हिरवळीचा परीघ ९० मीटर होतो. झाडांची आळी, वळणे आणि ढील धरून ११० मीटरपेक्षा कमी वायर आणू नये. चार्जिंग स्टेशन सपाट जागी, शक्यतो सावलीत ठेवावे आणि त्याच्यासमोर २ ते ३ मीटर जागा मोकळी सोडावी. भिंतीपासून बहुतेक यंत्रांना ३० ते ३५ सेंटिमीटर अंतर लागते, गवताशी समपातळीतल्या फरशीपासून १० पुरतात. तरी आपल्या यंत्राची पुस्तिका पाहावी. कोपरे गोलसर घ्यावेत. आंब्याच्या आळ्याकडे वायर नेली, की आळ्याला वळसा घालून ती त्याच वाटेने, पहिल्या वायरीला चिकटून परत आणावी, पण दोन्हींची फुली होऊ देऊ नये. अशा जोडवायरीतले सिग्नल एकमेकांना मारतात, त्यामुळे यंत्र तिच्यावरून जाऊ शकते.

आता पुन्हा ढील. सुमारे ५ सेंटिमीटर खोल खाच घेऊन तीत वायर किंचित नागमोडी सोडावी, आणि प्रत्येक कोपऱ्यावर वीतभर जादा वायर छोट्या फाशासारखी ठेवावी. उरलेल्या वायरीची गुंडाळी मात्र स्टेशनमागे पुरू नये, तिने सिग्नल बिघडतो. खाच कुणाकडून भरून घेणार असाल, तर समोर उभे राहा. मदतीला येणारा माणूस सवयीने वायर ओढून सरळ करतो, आणि मग ढील राहत नाही. स्प्रिंकलरच्या टप्प्याबाहेरच्या पट्ट्यात ती दुप्पट ठेवावी.

खाच बुजवण्याआधी यंत्र दोन दिवस चालवून पाहावे. तोवर वायर दर ७५ सेंटिमीटरला खुंटीने जमिनीलगत दाबलेली असावी, नाहीतर पातेच ती कापेल. सांध्याला जेल भरलेला जलरोधक कनेक्टरच वापरावा. मी चिकटपट्टी गुंडाळली होती, आत तांबे हिरवे पडले. बुजवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावेत, म्हणजे घरच्या कार्याला मांडववाल्यांना पहार कुठे मारायची नाही ते दाखवता येते. वळवाचा गडगडाट सुरू होताच स्टेशनचा प्लग काढावा, त्याला जोडलेली वायरची टोकेही सोडवावीत.

आणि माती ओढण्यापूर्वी ढील एकदा हाताने तपासावी.