मध्ययुगात राज्यसंस्था होती का? एका परगण्यावरून कसे तपासावे

‘मध्ययुगीन दख्खनमध्ये राज्यसंस्था होती का?’ असे सरसकट विचारू नका. उत्तर विचारणाऱ्याच्या कलाप्रमाणे मिळते. एक परगणा घ्या, पन्नासेक वर्षे ठरवा आणि राज्यसंस्थेची कामे सुटी करून एकेक तपासा. इथे उदाहरण भोरकडच्या रोहिडखोऱ्याचे, १६५० ते १७०० या काळातले.

कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: हत्यारे, महसूल, न्याय, नेमणूक. पुढे कागद जमवा. मोडी येत नसेल तर छापील साधनांपासून सुरुवात करा. तारखा जुळवल्याशिवाय काहीही भरू नका. त्या काळच्या कागदांत वापरल्या जाणाऱ्या शुहूर सनात आकडे अरबी शब्दांत आणि एकम, दहम, शतम या क्रमाने येतात: ‘सबा खमसैन अलफ’ म्हणजे १०५७. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवा. इथे वर्षाची चूक झाली तर कागद भलत्याच कारकिर्दीत जातो.

सर्वांत जास्त वेळ हत्यारांच्या रकान्याला द्या. ठरावीक प्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी ही जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१९ मध्ये मांडलेली कसोटी इथेच लागते. १६५९ मध्ये अफजलखानाला सामील होण्याचे आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांना आले. जेधे शिवाजी महाराजांकडे राहिले. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. दोघेही देशमुख, म्हणजे आपापल्या भागाचे वंशपरंपरेचे प्रमुख, दोघांकडे स्वतःची माणसे. नुसते फर्मान वाचणाऱ्याला विजापूरची मक्तेदारी दिसेल, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक होते. फर्मान म्हणजे मागणी. ती पाळली गेली का, हे नंतरच्या कागदांत शोधा. तोच हुकूम पुन्हा पुन्हा सुटत असेल तर तो बहुधा पाळला जात नव्हता.

महसुलात वसूल किती, यापेक्षा दप्तर कोणाच्या घरी ते पाहा. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे आणि दोन्ही पदे वंशपरंपरेची. राजवट बदलली तरी दप्तर त्याच घरात राहते. नव्या राजाला त्याच माणसाला विचारावे लागते.

न्यायासाठी महजर, म्हणजे सभेत झालेल्या निवाड्याचा कागद, घ्या. निवाड्याआधी हाजीर मजालसीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची, यादी वाचा. तिथे सरकारी अंमलदार आणि देशमुख यांच्याबरोबर पाटील, बलुतेदारही दिसतात. पाटलाच्या सहीला नांगराची निशाणी असते. राजा आहे, पण गोताच्या, म्हणजे गावच्या आणि भाऊबंदांच्या सभेच्या, शेजारी बसलेला. मात्र वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरेच्या पदाच्या आणि हक्काच्या, भांडणात बनावट कागद सर्रास सापडतात. शिक्का आणि अंमलदाराचे नाव त्याच वर्षाच्या दुसऱ्या कागदाशी ताडून पाहा.

आता तक्ता तीन टप्प्यांत भरा. १६५९ ला हत्यारांचा रकाना सरळ ‘नाही’. १६७४ ते १६८० मध्ये रोख पगार आणि थेट वसुलीकडे कल, म्हणून ‘अंशतः’. राजारामांच्या काळात मोगल आणि मराठे दोघेही त्याच घराण्यांना वतने देऊ करत होते. रकाना पुन्हा मागे सरकतो. रामचंद्रपंत अमात्यांचा राज्यकारभारावरचा ग्रंथ, आज्ञापत्र, वतनदारांना छोटे पण स्वतंत्र देशनायकच समजतो, आणि तरी त्यांना सांभाळून घ्यायला सांगतो. म्हणून वतनदाराला नोकरही लिहू नका, बंडखोरही लिहू नका. त्याचा हक्क राजाच्या सनदेवर जितका उभा होता, तितकाच गोताच्या मान्यतेवर.

परगण्याचे उत्तर किल्ल्याला लावू नका. त्याचा तक्ता वेगळा भरा. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार (किल्ल्याचा प्रमुख), सबनीस (हिशेब पाहणारा), सरनोबत (शिबंदीचा प्रमुख) असे तीन अधिकारी असत. ते वेगवेगळ्या जातींचे, बदलीचे, आणि त्यांची पदे वतनी नव्हती. तिथे नेमणुकीच्या रकान्यात बिनदिक्कत ‘होय’ लिहा, मग खाली खोऱ्यात त्याच वर्षी ‘नाही’ आले तरी.